फेसलिफ्ट कधी? इंदूरमधल्या एका निर्णयाची वर्षभराची हकीकत

नोव्हेंबर २०२२ चा तिसरा आठवडा. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. ताई आल्या, नेहमीसारखी शुगरची फाइल न आणता, हातात एकच कागद घेऊन. "डॉक्टर, यावर तुमची सही लागते म्हणाले. फिटनेसची." कागद शहरातल्या एका सौंदर्य-क्लिनिकचा होता. शस्त्रक्रियेच्या रकान्यात 'फेसलिफ्ट' लिहिलेलं, म्हणजे सैल पडलेला चेहरा आवळून घेण्याची शस्त्रक्रिया, तारीख ५ डिसेंबर. ॲडव्हान्स भरून झाला होता. घरी कुणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही त्या कागदामुळेच कळलं.

मी सही केली नाही. ही शस्त्रक्रिया चुकीची आहे असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. ताईंनी ती नंतर करून घेतली, बरोबर एक वर्षाने. मधल्या वर्षात काय काय घडलं ते त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. फेसलिफ्ट कशी करतात यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. कधी करावी याचं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी वयाच्या एका आकड्यात उरकलेलं असतं. माझ्या अनुभवात वयाचा वाटा त्यात सगळ्यांत कमी आहे.

मी प्लास्टिक सर्जन नाही. सुदामा नगर भागात गेली सत्तावीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून बसते. ताईंच्या सासूबाईंचा रक्तदाब, यजमानांचा गुडघा, मुलाचा लहानपणचा बाळदमा, सगळं माझ्याच टेबलावरून गेलेलं. म्हणून ही हकीकत सर्जनच्या बाजूने नाही, घराच्या बाजूने आहे.

ताई तेव्हा ५७ वर्षांच्या. बँकेत अधिकारी, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. इंदूरच्या मराठी मंडळींना त्या बँकेमुळे नाही, आवाजामुळे माहीत. गणेशोत्सव, पाडवा, कोजागरी, कुठल्याही मंडळाचा कार्यक्रम असो, सूत्रसंचालनाला ताई. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना मधुमेह निघाला. वजन ८४ किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ९.८. ताईंनी आजार मनावर घेतला. पोह्यांवरची शेव सुटली, जिलबी सुटली, पहाटेचं फिरणं सुरू झालं. मेटफॉर्मिनच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिन आणि पुढे सेमाग्लुटाइडच्या गोळ्या होत्या. दहा महिन्यांत १८ किलो उतरले. माझ्या रजिस्टरमधल्या सर्वांत शहाण्या पेशंटपैकी त्या एक, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

आणि मग लोक विचारायला लागले. बँकेत, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला: "बरं नाही का? किती उतरलात!" एका कार्यक्रमानंतर जुन्या ओळखीच्या बाई त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "रिपोर्ट काय आलाय? आम्हाला सांगा, आम्ही परके नाही." त्यांना कॅन्सरची शंका होती. ताई मला म्हणाल्या ते वाक्य मी त्याच दिवशी केसपेपरवर लिहून ठेवलं: "मी आजारातून बाहेर आलेय डॉक्टर, आणि चेहरा सांगतोय की मी आजारी आहे."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. 'तरुण दिसायचंय' असं त्यांनी म्हटलंच नव्हतं.

चेहऱ्याचं काय झालं होतं, ते समजून घ्यायला उशीचं उदाहरण पुरे. कापूस कमी झाला की अभ्रा सैल पडतो. चेहऱ्यावरची चरबी एकसंध थर नसते, छोट्या छोट्या कप्प्यांत असते. हे कप्पे आणि त्यावरची कातडी हाडाला धरून ठेवणारे बंध असतात. वयाबरोबर बंध सैलावतात, हाडही थोडं झिजतं. त्यात वजन झपाट्याने उतरलं की कप्पे रिकामे होतात आणि पन्नाशीनंतरच्या कातडीला परत आवळून यायची ताकद राहिलेली नसते. ताईंच्या जबड्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंना लोंबतं मांस आलं होतं, हनुवटीखाली दोन उभ्या दोऱ्या दिसत होत्या, गाल आत गेले होते. इंग्रजी वर्तमानपत्रांत याला 'ओझेम्पिक फेस' असं नाव पडलं आहे; ओझेम्पिक म्हणजे सेमाग्लुटाइडचंच इंजेक्शन. दोष औषधाचा म्हणून सांगतात, पण उपासाने, आजाराने, पोटाच्या शस्त्रक्रियेने, कशानेही वजन एवढ्या वेगाने उतरलं तर चेहरा असाच होतो.

तर प्रश्न खरा होता, इच्छा समजण्यासारखी होती. मग सही का नाही?

लग्न. मुलाचं लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं. क्लिनिकने त्यांना लग्नसराईची सवलत देऊ केली होती आणि 'दहा दिवसांत कामावर' असं सांगितलं होतं. दहा दिवसांत बहुतेकींचे टाके निघालेले असतात, एवढंच त्यात खरं. काळेनिळे डाग आणि ठळक सूज उतरायला दोन ते तीन आठवडे लागतात. उरलेली बारीक सूज जायला तीन महिने. कानापुढचा आणि कानामागचा व्रण गुलाबी असतो, तो फिका पडायला सहा महिने ते वर्ष. ताईंना मी विचारलं, लग्नात केसांचं काय करणार? "अंबाडा, गजरा. आणखी काय?" म्हणजे कान पूर्ण उघडे. ज्या दोन ठिकाणी व्रण असतात नेमकी तीच दोन ठिकाणं, लग्नाच्या कॅमेऱ्यापुढे, दोन महिन्यांच्या कच्च्या अवस्थेत. शिवाय कानाची पाळी आणि आसपासची कातडी काही महिने बधिर असते. पार्लरमधली मुलगी केस वळवायचा तापलेला चिमटा कानाजवळ आणते आणि भाजलेलं कळत नाही.

पण अंबाडा हा फार तर गैरसोयीचा मुद्दा. साखरेचा मुद्दा मोठा होता. एचबीएवनसी अजून ७.९ होतं. वाढलेल्या साखरेत जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाला दार उघडं राहतं. आणि त्याहून मोठा मुद्दा असा की त्यांचं वजन थांबलेलं नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन किलो उतरले होते. आज कातडी मापात बसवली आणि पुढे आणखी पाच किलो गेले, तर मार्चपर्यंत ती पुन्हा सैल. शिंप्याला मापं देताना आपण सरळ उभे राहतो, इथे तर पेशंट मापं देता देताच बारीक होत होती.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला: "लग्न नसतं, तर कधी केली असती?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सावकाश. वजन थांबल्यावर. पुढच्या वर्षी कधीतरी."

उत्तर त्यांच्याकडेच होतं. तारीख लग्नाने पुढे ओढून आणली होती.

तरी ते तेवढ्यावर सुटलं नाही. ॲडव्हान्स बुडणार होता, आणि बुडालाच. कागदावर 'परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं आणि सहीच्या घाईत ते वाचलं गेलं नव्हतं. बँकेत दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं ओळ न् ओळ वाचणारी बाई आपल्या चेहऱ्याचा करारनामा न वाचता सही करते, याचं त्यांनाच नवल वाटलं. मला नाही वाटलं. आपल्याला स्वतःबद्दल लाज वाटत असते तेव्हा आपण घाई करतो. गुपचूप केलेल्या गोष्टीत घाई असतेच.

यजमानांना त्यांनी त्या रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे. "डॉक्टर, या वयात हे काय? हिला समजवा." ताई ताडकन म्हणाल्या, "अहो, तुमचा गुडघा बदलला तेव्हा मी वय विचारलं होतं का?" मला दोघांचंही पूर्ण पटत नव्हतं. गुडघा चालण्यासाठी लागतो. चेहरा सैल पडला म्हणून कुणाचं काही अडत नाही. फेसलिफ्ट निरोगी माणसावर केलेली शस्त्रक्रिया असते, म्हणून तिच्यात धोका पत्करायची मर्यादा गुडघ्यापेक्षा कडक ठेवली पाहिजे. पण 'या वयात' हा आक्षेप मात्र खोटा आहे. ही शस्त्रक्रिया बहुतेक जण पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यानच करून घेतात. साठीला आलेल्या बाईने चेहऱ्याचा विचार करू नये, हे वैद्यकशास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. ते आपण लिहिलेलं आहे.

कॉलेजपासून माझ्या ओळखीच्या एका प्लास्टिक सर्जनकडे मी त्यांना पाठवलं, ऑपरेशनसाठी नाही, फक्त बोलण्यासाठी. वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते: डॉक्टरच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, एवढं आधी बघा. भिंतीवरच्या फ्रेममधली बाकी प्रमाणपत्रं नंतर.

त्या भेटीला मीही गेले. सर्जनने ताईंना तिशी, चाळिशी आणि पन्नाशीतले फोटो आणायला सांगितले होते. ते बघून म्हणाले, "तुमचा चेहरा पहिल्यापासून गोल. मी तो टोकदार करणार नाही." मग हातात आरसा देऊन टेबलावर उताणं झोपवलं. उताणं झोपलं की मांस कानांकडे सरकतं. "साधारण एवढा फरक पडेल. आरशापुढे उभं राहून दोन बोटांनी गाल मागे ओढता तेवढा नाही." ताई त्या आरशात खूप वेळ बघत राहिल्या.

काय होणार नाही, तेही त्यांनी तितकंच स्पष्ट सांगितलं. गालांवरचे वांगाचे डाग राहतील. ओठांवरच्या बारीक उभ्या रेषा राहतील. डोळ्यांखालची काळी वर्तुळं राहतील. नाकापासून ओठांपर्यंतची घडी थोडी उथळ होईल, पुसली जाणार नाही. आपल्याकडच्या कातडीत रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे बारीक सुरकुत्या उशिरा येतात हे भाग्य, पण व्रण काळपट पडण्याची किंवा उंचवटा धरण्याची शक्यताही जास्त असते. आणि घड्याळ थांबत नाही. आठ-दहा वर्षं फरक दिसतो, पण त्या वर्षांतही वय वाढतच असतं.

मी मध्येच विचारलं की ओढलेला, वाऱ्यात उभं राहिल्यासारखा चेहरा काहींचा का होतो. पूर्वी नुसती कातडी ओढून शिवत, म्हणून. कातडीखाली स्नायूंना जोडणारा एक पातळ पण चिवट पडदा असतो, सर्जन त्याला 'स्मास' म्हणतात. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. तेव्हापासून ताण त्या पडद्यावर घ्यायचा आणि कातडी त्यावर सैलसर बसवायची, ही रीत रुळली. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस (मज्जातंतू) त्या पडद्याखालूनच जाते, म्हणून हे काम शिकलेल्या हाताचं.

धोकेही मोजून झाले. कातडीखाली रक्त साचणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी गुंतागुंत, बायकांमध्ये शंभरात दोन-चार जणींना, बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत, आणि रक्तदाब चढला की तिची भीती जास्त. चेहऱ्याच्या नसेला तात्पुरती कमजोरी येऊ शकते. कायमची इजा शंभरात एकीपेक्षा कमी. तंबाखू, गुटखा किंवा सिगारेट असेल तर निदान चार आठवडे आधी बंद, नाहीतर कानामागची कातडी रक्तपुरवठ्याअभावी मरू शकते. ताईंना यातलं काही नव्हतं. आमच्या भागात मात्र हा प्रश्न डॉक्टरने दोनदा विचारावा असा आहे.

सर्जनचं मत माझ्यासारखंच पडलं, फक्त त्यांनी अट घातली: वजन सहा महिने एका जागी, एचबीएवनसी सातच्या आसपास, आणि पुढे तीन महिने अंगावर कसलाही कार्यक्रम नाही. धाग्यांनी चेहरा ओढायचा सोपा उपाय लग्नापुरता करावा का, असं ताईंनी विचारलं. तो फार तर वर्ष-दीड वर्ष टिकतो आणि आत राहिलेल्या धाग्यांभोवती धरलेल्या गाठी पुढच्या खऱ्या शस्त्रक्रियेत आड येऊ शकतात. सर्जनने नको म्हटलं.

लग्नापूर्वी एकच काम केलं, आणि ते मला सुचलं याचं मला समाधान आहे. ताईंच्या वरच्या दोन दाढा वर्षापूर्वी काढलेल्या होत्या, त्या जागा रिकाम्याच होत्या. जानेवारीत दातांच्या डॉक्टरांनी तिथे कृत्रिम दातांचा पूल (ब्रिज) बसवला. डाव्या गालाचा खड्डा थोडा भरला आणि मुख्य म्हणजे त्या दोन्ही बाजूंनी चावून जेवायला लागल्या. लग्न झालं. वरमाय आहे त्या चेहऱ्याने मांडवात उभी राहिली. फोटोंचा अल्बम आल्यावर त्यांनी दोनच फोटो निवडून बाकीचे बघितले नाहीत. हे मला सुनेने सांगितलं.

आता तारखेकडे येते, कारण 'कधी' याचा एक अर्थ अगदी पंचांगातला आहे आणि त्याला कुणी महत्त्व देत नाही. वजन एप्रिलमध्ये ६३ वर थांबलं. मार्चचा प्रश्नच नव्हता, बँकेचा मार्चएंड. शिवाय रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, अख्खं शहर रंगलेलं असतं, घरी बसलं तरी रंग दारातून आत येतो, आणि ओल्या टाक्यांवर रंग नको. एप्रिल-मे म्हणजे माळव्याचं ऊन. नव्या व्रणावर ऊन पडलं की तो काळा पडतो, आणि घामाने पट्टी भिजते. जून-जुलैला सूनबाई पहिल्यांदा राहायला येणार. सप्टेंबर गणपती, ऑक्टोबर नवरात्र, मग दिवाळी. आम्ही दोघींनी कालनिर्णय समोर ठेवून एकेक महिना खोडला. उरला दिवाळीनंतरचा थंडीचा काळ.

त्यातही मध्ये एक वळण आलं. जूनमध्ये ताई म्हणाल्या, "राहू द्या डॉक्टर. आता काही वाटत नाही." मी बरं म्हटलं आणि विषय बंद केला. मला इथे थांबून सांगावंसं वाटतं: पेशंट मागे फिरते तेव्हा तिला परत आणणं डॉक्टरचं काम नाही. सर्जनकडूनही फोन गेला नाही, एसएमएस गेला नाही, सवलत तर नाहीच. ज्या क्लिनिकमधून नको म्हटल्यावर तीन दिवसांनी 'शेवटची संधी' असा फोन येतो, तिथून निघून जावं. एवढा एकच निकष घेऊन लोक वागले तरी कितीतरी जणी वाचतील.

सप्टेंबरमध्ये, गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, लोकमान्य नगरच्या एका कार्यक्रमात ताई माइकपाशी उभ्या होत्या. आयोजकांपैकी एक मुलगा अदबीने खुर्ची घेऊन आला: "काकू, बसून बोला ना, तुमची तब्येत बरी नसते ना." मुलाचा हेतू चांगलाच होता. ताई बसल्या नाहीत, दोन तास उभ्याने सूत्रसंचालन केलं. अनंत चतुर्दशी झाली आणि त्या माझ्याकडे आल्या. एचबीएवनसी ६.७. वजन पाच महिने ६२ ते ६३ मध्ये. आणि कारण? तेच, शब्दाला शब्द: चेहरा आजारी सांगतो, मी आजारी नाही. मध्ये लग्न होऊन गेलं, जूनमधला नकार येऊन गेला, आणि कारण होतं तिथेच होतं. सर्जनला फोन करून मी एवढंच म्हटलं, की आता मी सही करते.

तारीख ठरवताना निवडणूक आडवी आली. १७ नोव्हेंबर २०२३ ला मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान, आणि बँकेच्या अधिकाऱ्यांना त्यात ड्यूटी लागते. ती उरकून २३ नोव्हेंबर, गुरुवार. नेमकी कार्तिकी एकादशी. सासूबाई ८३ वर्षांच्या, त्यांना खरं ते सांगितलेलं होतं. त्या म्हणाल्या, "उपास आहेच, मग जा."

खर्चाचं एक वाक्य: विमा यात एक पैसा देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना सोडली तर सौंदर्यशस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्यविम्यातून वगळलेलीच असते, वर १८ टक्के जीएसटी लागतो. ताईंनी यासाठी एक मुदत ठेव मोडली, कर्ज काढलं नाही.

तयारीत माझा वाटा औषधांचा. डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद, कारण शस्त्रक्रियेच्या उपाशी अवस्थेत साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. सेमाग्लुटाइडने पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून भूलतज्ज्ञांना ते आधीच कळवलेलं. लसणाच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन ई त्या कुणाला न सांगता घेत होत्या, दोन्हींमुळे रक्तस्राव वाढू शकतो, त्या दोन आठवडे आधी थांबवल्या. केस आठवडाभर आधी रंगवून घेतले, कारण नंतर सहा आठवडे डाय नाही.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. पोटाच्या कडेची थोडी चरबी काढून रिकाम्या गालांत भरली. वजन उतरत असताना हे केलं असतं तर तीही चरबी पोटाबरोबर आटली असती. संध्याकाळी साडेसातला त्यांचा रक्तदाब १६४ वर गेला आणि डावा गाल दुखायला लागला, ताणल्यासारखा. नर्सने पट्टी वर करून पाहिली आणि सर्जनला बोलावलं. रक्त साचलं होतं. रात्री नऊला दोन टाके उघडून ते काढलं, पुन्हा शिवलं. शंभरातल्या दोन-चार जणींत ताई निघाल्या. रात्रभर माणूस हजर असलेल्या रुग्णालयातच शस्त्रक्रिया करायची, हा सर्जनचा हट्ट त्या रात्री कामी आला. आदल्या वर्षीच्या त्या क्लिनिकमध्ये संध्याकाळी सहाला घरी सोडणार होते.

तिसऱ्या दिवशी ताई रडल्या. हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि आधी सांगितलेलं असलं तरी होतं. चेहरा भोपळ्यासारखा, डोळे अर्धे मिटलेले, आणि डाव्या बाजूचा खालचा ओठ बोलताना खाली येत नव्हता. हसल्या की तोंड वाकडं. 'प', 'ब', 'म' फुटत होते पण स्वच्छ नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईच्या ओठाला व्हावं याहून वाईट काही नाही. सर्जन म्हणाले, नसेच्या बारीक फांदीला सूज आहे, परत येईल. मी रोज संध्याकाळी जात होते. एक दिवस त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या वर्षी केली असती तर?" मी मनात हिशोब केलेलाच होता. ५ डिसेंबरपासून असे सहा-सात आठवडे धरले तर जानेवारीचा शेवट. केळवणं, साड्यांची खरेदी, व्याह्यांची ये-जा, सगळं त्या वाकड्या ओठाने. आणि परत येईल की नाही या धास्तीने वाढलेला रक्तदाब वेगळाच.

ओठ सातव्या आठवड्यात परत आला. आधी एका बाजूला थोडी हालचाल, मग 'म'. त्यांनी रोज सकाळी आरशापुढे गणपतीस्तोत्र मोठ्याने म्हटलं. सर्जनच्या मते ओठ आपोआपच बरा झाला असता, पण म्हणताना कुठलं अक्षर अडतं ते ताईंना रोज कळत होतं.

एक विषय राहिला: लोकांना काय सांगायचं. पहिल्या वर्षी ताईंचा बेत होता 'पुण्याला बहिणीकडे गेले होते' असं सांगायचा. इंदूरच्या मराठी वस्तीत असं गुपित आठवडाभर टिकत नाही, पण मला चिंता वेगळी होती. लपवणारी माणसं लवकर बाहेर पडतात, पाहुणे आले की पट्टी काढतात, दुखलं तरी फोन करत नाहीत. म्हणून मी अट घातली होती की निदान तिघांना खरं माहीत हवं आणि त्यातला एक रात्री घरात हवा. दुसऱ्या वेळी यजमान, सासूबाई, सून आणि बँकेतली एक मैत्रीण यांना सगळं माहीत होतं. बाकी कुणी विचारलं तर त्या सांगतात, "हो, केलं." कुणी विचारलं नाही तर सांगत नाहीत. यजमान पहिल्या वर्षी 'समजवा' म्हणत होते, त्यांनी दहा दिवस पातळ खिचडी करून भरवली. त्यांचं मत बदललं का, हे मी विचारलं नाही.

चार आठवड्यांनी ताई बँकेत गेल्या. संक्रांतीचे कार्यक्रम त्यांनी घेतलेच नव्हते. पहिला कार्यक्रम ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. मी तिसऱ्या रांगेत होते. तासाभरात कुणी खुर्ची आणली नाही.

नोव्हेंबर २०२४ ची शेवटची नोंद माझ्या फाइलमध्ये अशी आहे: वजन ६३, एचबीएवनसी ६.६, रक्तदाब १२८. वांग आहे तसाच. डाव्या कानामागचा व्रण किंचित उंच, सिलिकॉन जेल चालू. डाव्या कानाच्या पाळीवर रुपयाएवढी जागा अजून बधिर. मध्यंतरी सराफ्यात फिरताना त्या कानातलं गळून पडलं आणि त्यांना कळलंही नाही. तेव्हापासून घट्ट फिरकीचीच कुडी घालतात, आणि घरातून निघताना डावा कान हाताने चाचपून बघतात.